जस्ताचा दुसरा हात

"छान झालीय," असं म्हणून बद्रीनाथांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

तव्यावर पोळी टाकणाऱ्या मुक्ताबाईंचा हात थांबला. लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून आमटीबद्दल हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय झालंय?"

"छान म्हणालात, म्हणून विचारलं."

"बरं, नाही म्हणत. वाढ अजून थोडी."

श्रावणातल्या त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. पहिल्या घोटालाच ते त्यांच्या घशाशी लागलं होतं. पण बद्रीनाथांनी भात जास्त कालवला, वर पेलाभर ताक प्यायले आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली. ताटात काही उरलं असतं, तर तिनं कारण विचारलं असतं.

एरवी बद्रीनाथ नावं ठेवण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. उभी नोकरी त्यांनी भोसरीच्या एका कारखान्यात काढली. लोखंडाचे पाइप, पत्रे, विजेच्या खांबांचे तुकडे वितळलेल्या जस्तात बुडवायचे आणि चकचकीत करून बाहेर काढायचे, असं ते काम. बिबवेवाडीतून स्वारगेट, तिथून भोसरी, हातात तिचा डबा. संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर ठेवताना त्यासोबत एक शेराही यायचा. "भाजीत मीठ डोकावून गेलं वाटतं आज." "पोळ्या टिकाऊ होत्या. कारखान्यात विचारत होते, कुठून घेतल्या." मुक्ताबाई म्हणायच्या, "उद्यापासून तुम्हीच करत जा." पण दुसऱ्या दिवशी मीठ बरोब्बर असायचं आणि पोळी मऊ. दोघांच्या संसारात लाडाचं बोलणं कधी झालंच नाही. जे काही होतं ते या शेऱ्यांतूनच व्हायचं, आणि दोघांनाही ते पुरत होतं.

यंदाच्या पावसाळ्यात मुक्ताबाईंना ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. आजारातून उठल्यावर तोंडाला चव नसते, हे काय कुणाला सांगायला हवं? येईल हळूहळू, असं म्हणत गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीही झाली. चव काही आली नाही. अडचण खाण्याची नव्हती, करण्याची होती. मीठ घातलं की नाही अशी शंका आली, की पूर्वी पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला की काम भागायचं. आता जीभ काही सांगेना. मग कधी मीठ दोनदा पडायचं, तर कधी पडायचंच नाही. मुक्ताबाईंना वाटत होतं, तोंडच तेवढं बिघडलंय, हाताचं माप अजून शाबूत आहे. आणि बद्रीनाथांनी ते तसंच वाटू दिलं होतं.

त्यालाही कारण होतं. मुक्ताबाई पूर्वी भजनी मंडळात गायच्या. गोड गळा होता. एकदा वरच्या सुरावर आवाज फाटला आणि मागे बसलेली एक मुलगी खुदकन हसली. मुक्ताबाईंनी भजन पूर्ण केलं, टाळ पिशवीत घातले, घरी आल्या आणि पुन्हा म्हणून कधी गायल्या नाहीत. देवघरातसुद्धा नाही. बद्रीनाथांना ते ठाऊक होतं. उद्या स्वयंपाक बिघडतोय असं कळलं, तर ही बाई ओट्यापासून अशीच दूर होईल आणि मग या घरात करण्यासारखं तिच्यासाठी काही उरणार नाही, या धास्तीनं ते गप्प होते आणि खारट आमटी पीत होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हिंजवडीहून सून आली. तनुजा एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. सुदर्शनला, म्हणजे यांच्या मुलाला, कामानिमित्त सतत बंगळुरूला जावं लागे, त्यामुळे सासूसासऱ्यांकडे चक्कर मारायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. पर्समधून तिनं गोळ्यांच्या दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"एक आईंना, एक बाबांना. झिंक आहे. इम्युनिटीसाठी. साठीनंतर घ्यायला हवं म्हणतात. आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यांनी आपापल्या पेरेंट्सना सुरू केलंय."

"झिंक म्हणजे जस्त ना गं?" मुक्ताबाईंनी विचारलं. "बादलीला लावतात ते?"

"तेच," बद्रीनाथ म्हणाले. "जन्मभर मी लोखंडाला जस्त पाजलं. आता माझी पाळी आली."

"बाबा, हे वेगळं असतं. अगदी थोडं असतं. आणि आई, तुमच्या चवीसाठी पण चांगलं. शरीरात झिंक कमी असलं तर टेस्ट जाते म्हणे. जेवण झाल्यावर रोज एक. एकच हं."

मुक्ताबाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. "चव येईल म्हणतेस?"

"ट्राय करायला काय हरकत आहे?"

बद्रीनाथांचे कान टवकारले होते. जस्तावर त्यांचा विश्वास होता. उघड्यावर चार पावसाळ्यांत सडून जाणारं लोखंड जस्ताचा हात बसला की वर्षानुवर्षं टिकतं, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं. माणसाचं असं होत नसेल कशावरून?

जेवायला बसल्यावर तनुजानं मटकीच्या उसळीचा घास घेतला आणि चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. उसळीत मिठाचा कणही नव्हता. बद्रीनाथांनी ताटावरून डोळे न उचलता मान किंचित हलवली. तनुजानं घास गिळला आणि उसळ पुन्हा मागून घेतली. पोरगी शहाणी होती.

निघताना जिन्यात मात्र ती थांबली. "बाबा, आईंना सांगायला हवं."

"सांगू. आधी गोळ्यांचा गुण तर येऊ दे."

"आणि चंपाषष्ठीला काय करणार? सगळे जेवायला असतात."

यांचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला घरी तळी उचलायची, देवाला वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, असा रिवाज. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा ताटात येतं. मुक्ताबाईंच्या भरताला दीर, नणंदा, शेजारी सगळे आवर्जून यायचे. त्यांतला एक जण जरी ताटावर बोलला, तरी भजनासारखं होणार.

"तोवर येईल चव," बद्रीनाथ म्हणाले. ते तनुजाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

गोळ्या सुरू झाल्या. मुक्ताबाई जेवणानंतर आठवणीनं एक घ्यायच्या आणि थोड्या वेळानं ओट्यापाशी जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकून पाहायच्या. मग डब्याचं झाकण लावायच्या. बद्रीनाथ पेपराआडून ते पाहायचे. असा आठवडा गेला, दुसराही सरला. चंपाषष्ठी जवळ आली तसा त्यांचा धीर सुटत चालला.

कारखान्यात एक साधी रीत होती. पाइप बाहेर काढल्यावर जस्त कुठे पातळ बसलेलं दिसलं, की पाइप फेकायचा नाही, परत बुडवायचा. भिंतीला रंगाचा दुसरा हात देतात तसा. बद्रीनाथांनी विचार केला, गोळी लागू पडत नाही असं नाही, पातळ बसतेय. सकाळी चहाबरोबर त्यांनी बायकोपुढे आणखी एक गोळी धरली.

"ही कसली?"

"तीच. सकाळची. तनुजाचा फोन आला होता, दोन घ्यायला सांगितल्यात."

असा कुठलाही फोन आला नव्हता. मुक्ताबाईंना सकाळी उठल्या उठल्या खायची सवय नव्हती. देवपूजा होईपर्यंत त्या चहावर असायच्या. त्यामुळे गोळी रिकाम्या पोटी जायची. बाटली लवकर संपली तर शंका येईल, म्हणून बद्रीनाथ आपल्या बाटलीतल्या गोळ्या तिच्या बाटलीत टाकायचे. स्वतः त्यांनी एकही घेतली नव्हती. पुढे तर ते रात्रीही एक द्यायला लागले.

चार-पाच दिवसांत मुक्ताबाईंना मळमळायला लागलं. सकाळी पूजेला बसलं की पोटात ढवळून यायचं. एकदा तर फुलं हातातच राहिली आणि त्यांना मोरीकडे पळावं लागलं. मग एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "अहो, तोंडात कसली तरी चव येतेय."

बद्रीनाथ खुर्चीतून उठलेच. "कसली?"

"लोखंड चाटल्यासारखी."

त्यांना ती चव ओळखीची होती. कारखान्यात वितळलेल्या जस्ताच्या कढईवर फार वेळ वाकून उभं राहिलं की कामगारांच्या तोंडात अशीच चव यायची, रात्री हुडहुडी भरायची आणि मुकादम दूध पाजायचा. तरीही त्यांना आनंद झाला, वेड्यासारखा आनंद झाला. लोखंडाची का होईना, चव तर आली. आज लोखंड, उद्या मीठ. त्या रात्री त्यांनी तिसरी गोळी आपल्या हातानं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाई उठल्याच नाहीत. उलट्या होऊन होऊन चेहरा उतरला होता, आणि डोळे उघडायचेही श्रम नको झाले होते. बद्रीनाथांनी रिक्षा बोलावली. रिक्षात तिला खांद्याशी धरून बसले तेव्हा ती किती हलकी झालीय हे त्यांना कळलं, आणि आपण काय करून बसलो, हेही.

डॉक्टरीणबाई कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या, जुन्या ओळखीच्या. त्यांनी तपासलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "नवीन काही औषध सुरू आहे का?"

बद्रीनाथांनी बाटली पुढे केली. "दिवसाला तीन."

"तीन? कुणी सांगितल्या?"

मुक्ताबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "सुनेनं."

"सुनेनं नाही," बद्रीनाथ म्हणाले. "मी. माझ्या वाटच्या पण हिलाच दिल्या."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. झिंक वाईट नाही, पण जास्त झालं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. रिकाम्या पोटी तर ते हमखास ढवळतं. आणि महिनोन्महिने असंच चाललं असतं तर शरीरातलं तांबं कमी झालं असतं, रक्त कमी झालं असतं, पाय बधिर पडले असते. आता सगळ्या गोळ्या बंद. रक्त तपासू, झिंक खरंच कमी असेल तर रोज एक, जेवणानंतर.

"आणि चव?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"येईलही. पण वय आहे, तो ताप होऊन गेलाय. आजी, मी खोटं सांगत नाही, कदाचित पूर्वीसारखी येणारही नाही." मग त्या बद्रीनाथांकडे वळल्या. "काका, तुम्हालाही घाम फुटलाय. बसा, ब्लडप्रेशर बघते."

हाताला पट्टा बांधला, हवा भरली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा मोजलं. "खूपच वाढलंय. प्रेशरची गोळी घेताय ना रोजची? मग मीठ जास्त होतंय. लोणची, पापड, बाहेरचं चालू आहे का?"

"छे," मुक्ताबाई म्हणाल्या, "घरचंच तर खातात. मी मीठ अगदी बेताचं..."

पुढचं वाक्य आलं नाही. बद्रीनाथ हाताचा पट्टा आपणच सोडवू लागले. मुक्ताबाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

घरी परतल्यावर दारात, कुलूप उघडायच्या आधी, मुक्ताबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"श्रावणापासून."

"आणि तुम्ही छान म्हणत होतात."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. पण तुमची बोलणी मी इतकी वर्षं कशाला ऐकून घेतली? खरी असायची म्हणून. तुम्हाला गोड बोलायला येत नाही, पण खोटंही बोलायला येत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मीठ खाऊन खाऊन मरायला निघालात, पण मला सांगितलं नाहीत. मला काय समजलात तुम्ही?"

बद्रीनाथ कुलूप उघडत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मुक्ताबाई ओट्यापाशी गेल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. तनुजाला फोन करून सांगितलं, चंपाषष्ठीचा स्वयंपाक बाहेरून मागवा, मला आता झेपत नाही. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून डबा यायला लागला. त्या तो ताटात काढायच्या, दोघं जेवायची, ताटं घासून व्हायची. दुपारी त्या खिडकीशी बसून रस्ता बघत असायच्या. बद्रीनाथांना ज्याची धास्ती होती, तेच समोर येऊन बसलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं.

चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी डब्यात फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा आला. बद्रीनाथांनी घास तोंडात घातला, चावला आणि ताट पुढे सरकवलं.

"काय झालं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

छान आहे, हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण त्यांना दारातलं ते बोलणं आठवलं.

"मीठ जास्त आहे," ते म्हणाले. "तेल कुठल्या तरी वडेवाल्यानं वापरून दिलेलं दिसतंय. बटाट्याची आणि फ्लॉवरची अजून ओळखही झालेली नाही. आणि मसाला घालणाऱ्याला मसाल्याचा राग असावा."

मुक्ताबाईंच्या ओठांची कड हलली. हसू नव्हतं, पण हसण्याच्या जवळ आलं होतं. त्यांनी स्वतः एक घास घेतला, हळूहळू चावला. त्यांना अर्थातच काही कळलं नाही.

"एवढं वाईट आहे?"

"वाईट म्हणायला आधी त्याला काहीतरी चव लागते. तुझी श्रावणातली आमटीसुद्धा याच्यापेक्षा बरी होती."

"ती खारट होती ना?"

"खारट होती, पण आमटी होती."

मुक्ताबाई उठल्या, हात धुतला आणि पदराला पुसत म्हणाल्या, "परवासाठी भरताची वांगी आणा. हलकी बघून आणा, जड म्हणजे बिया जास्त. तनुजाला कळवा, बाहेरून काही सांगू नकोस म्हणून."

बद्रीनाथ उन्हातच पिशवी घेऊन निघाले.

चंपाषष्ठीला सकाळपासून घरात वांगी भाजल्याचा वास भरून राहिला. सुदर्शन आला होता, दीर-नणंदा बाहेरच्या खोलीत जमले होते, तनुजा ताम्हनात भंडारा आणि खोबरं मांडत होती. पाटावर टाक पुसून ठेवले होते. स्वयंपाकघरात मुक्ताबाईंनी भरीत कालवलं, वर लसणाची फोडणी दिली, बाजूला रोडगे आणि कांद्याची पात ठेवली. नैवेद्य देवाला दाखवल्याखेरीज कुणी जिभेला लावायचा नाही, ही या घरातली पक्की शिस्त. मुक्ताबाईंच्या सासूनं ती घालून दिली आणि त्यांनीही कधी मोडली नाही. इतकी वर्षं त्यांनी देवाचं भरीत हाताच्या अंदाजानंच केलं आणि ते कधी चुकलं नाही.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा आत या. दार लोटून घ्या."

बद्रीनाथ आत आले. मुक्ताबाईंच्या हातात चमचा होता, आणि चमच्यात भरीत.

"हात पुढे करा."

"अगं, नैवेद्य दाखवायचाय अजून."

"ठाऊक आहे मला. देवाला कळतंय माझं काय झालंय ते. बाहेरच्या माणसांना कळायला नको. करा पुढे."

बद्रीनाथांनी तळहात पुढे केला. तिनं त्यावर भरीत ठेवलं. त्यांनी ते तोंडात घातलं. मीठ कमी होतं. मुक्ताबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"खरं सांगा."

"मीठ कमी आहे."

त्यांनी मीठ घातलं, कालवलं, पुन्हा हातावर दिलं. "आता?"

"अजून जरा."

पुन्हा घातलं. या वेळी बद्रीनाथांनी मान हलवली. "आता बस. एक कणसुद्धा नको."

मुक्ताबाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं. बाहेरून तळी उचलायला कुणीतरी हाक मारत होतं. बद्रीनाथ दाराकडे वळले, तसा त्यांचा सदरा मागून ओढल्यासारखा झाला.

"मीठ झालं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण लागतंय कसं?"

बद्रीनाथांनी जन्मात कुठल्या पदार्थाचं खरंखुरं कौतुक केलं नव्हतं, वर्णन तर त्याहून नाही. काय चुकलं ते सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं. ते परत आले, ओट्याला टेकून उभे राहिले. तोंडात अजून भरताची चव होती. त्यांनी डोळे मिटले.

"आधी धूर लागतोय," ते सावकाश म्हणाले. "सालीचा. मग लसूण. तो नुसता पुढे येत नाही, मागून येतो. मिरची ओठाला कळत नाही, गिळल्यावर कानाशी कळते. आणि शेवटी गोडसर. तो वांग्याचाच असणार, तू काही घातलेलं नाहीस."

"नाही घातलेलं."

"तेच म्हणतो मी."

मुक्ताबाईंनीही डोळे मिटले होते. रिकाम्या तोंडात त्यांची जीभ हळूच फिरली.

"हो," त्या म्हणाल्या. "असंच लागायचं."